'माळेगावला जायचंय' असं मॅपला सांगितलं, तर तो आवाज पुढे कुठे जातो?

बारामतीहून इंदापूरकडे निघालेली पिकअप. पुढे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, एका बाजूला पालखी मार्गाचा चौपदरी रस्ता आणि डॅशबोर्डवर अडकवलेला फोन. चालकाचे दोन्ही हात स्टेअरिंगवर आहेत. तो फोनकडे न बघताच म्हणतो, "निमगाव केतकी." फोन रस्ता दाखवायला लागतो.

या दोन शब्दांना दोन सेकंदही लागत नाहीत. पण त्या दोन सेकंदांत फोनच्या माइकने फक्त गावाचं नाव ऐकलेलं नसतं. शेजारच्या सीटवर कुणी बँकेच्या हप्त्याबद्दल बोलत असेल, मागे लेकरू रडत असेल, दवाखान्यात नेत असलेला पेशंट कण्हत असेल, तर तेही त्याच आवाजात आलेलं असतं. माइकला माणसं वेगळी काढता येत नाहीत.

मग हा आवाज जातो कुठे? तो साठवला जातो का? कुणी ऐकतं का? आणि नको असेल तर तो थांबवता येतो का? समजून घेऊया.

मॅप बोलतो, त्यासाठी माइक लागत नाही

सगळ्यात आधी एक गोंधळ दूर करायला हवा. "पाचशे मीटरवर उजवीकडे वळा" असं मॅप सांगतो, तेव्हा आवाज फोनमधून बाहेर येत असतो. त्यासाठी स्पीकर लागतो. माइक लागतो तो तुम्ही मॅपशी बोलता तेव्हा.

म्हणजेच माइकची परवानगी नाकारली तरी मॅप रस्ता दाखवतो, वळणं सांगतो, ट्रॅफिकही दाखवतो. फक्त गावाचं नाव बोलून सांगण्याऐवजी टाइप करावं लागतं. रस्ता दाखवण्यासाठी अ‍ॅपला खरोखर लागतं ते तुमचं लोकेशन.

बरेच जण अ‍ॅप पहिल्यांदा उघडल्यावर आलेल्या प्रत्येक चौकटीवर 'परवानगी द्या' दाबत जातात. 'नाही म्हटलं तर अ‍ॅप चालणारच नाही' अशी भीती असते. माइकच्या बाबतीत ही भीती खोटी आहे.

अर्थात बोलून सांगणं ही चैन नाही, हेही खरं. गाडी चालवताना टाइप करणं जीवावर बेतू शकतं. केंद्र सरकारने २०२० साली मोटार वाहन नियमांत केलेल्या बदलानुसार गाडी चालवताना हातातल्या फोनचा वापर फक्त रस्ता शोधण्यापुरता आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच करता येतो. ज्यांना मराठी टाइप करता येत नाही, वाचायला अडचण येते, त्यांच्यासाठी तर आवाज हाच एकमेव रस्ता असतो. त्यामुळे 'माइक वापरूच नका' हे उत्तर नाही. काय द्यायचं आणि काय नाही, हे माहीत असणं महत्त्वाचं.

माइक दाबल्यावर नेमकं काय होतं?

सर्चच्या पट्टीतलं माइकचं चिन्ह दाबलं की साधारण चार गोष्टी होतात.

पहिली, फोन तुमचा आवाज काही सेकंद रेकॉर्ड करतो. दुसरी, त्या आवाजाचं अक्षरांत रूपांतर होतं. काही फोनमध्ये, काही भाषांसाठी हे काम फोनमध्येच होतं. अनेकदा आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून अक्षरं परत येतात. तिसरी, त्या अक्षरांवरून ठिकाण शोधलं जातं. चौथी, या सगळ्याची नोंद तुमच्या खात्यात राहू शकते.

ही चौथी पायरी नीट समजून घ्यायला हवी, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे तुम्ही काय शोधलं याची लेखी नोंद, उदाहरणार्थ 'निमगाव केतकी, सकाळी ८ वाजून १० मिनिटं'. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष आवाजाची फाइल.

गूगलच्या बाबतीत लेखी नोंद 'वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' या सेटिंगखाली राहते. आवाजाची फाइल साठवायची की नाही, यासाठी त्याच सेटिंगमध्ये वेगळा पर्याय आहे. गूगलच्या म्हणण्यानुसार तो आधीपासून बंद असतो आणि वापरणाऱ्याने स्वतः चालू केला तरच आवाज खात्यात साठवला जातो.

पण हा पर्याय असा आधीपासून बंद का झाला, यामागे एक गोष्ट आहे.

२०१९ : आवाज माणसंही ऐकत होती

जुलै २०१९ मध्ये बेल्जियमच्या 'व्हीआरटी' या सार्वजनिक वाहिनीने एक बातमी दिली. गूगल असिस्टंटने रेकॉर्ड केलेले आवाज कंत्राटी कर्मचारी ऐकत होते आणि ते लिहून काढत होते. वाहिनीच्या पत्रकारांना अशा एक हजारांहून जास्त ध्वनिफिती मिळाल्या. त्यातल्या १५३ फिती अशा होत्या, की त्या रेकॉर्ड व्हायलाच नको होत्या. कुणीही 'ओके गूगल' म्हटलेलं नव्हतं. घरातली बोलणी, भांडणं, कामाचे फोन असं सगळं त्यात होतं.

त्यावर गूगलने सांगितलं, की एकूण आवाजांपैकी सुमारे ०.२ टक्केच माणसं ऐकतात आणि त्या फिती कुणाच्या खात्याला जोडलेल्या नसतात.

पण पत्रकारांनी त्यातल्या काही लोकांना शोधून काढलं. त्यांची नावं फाइलवर नव्हती. मात्र बोलण्यात पत्ता आला होता, आणि तेवढं पुरेसं होतं.

मॅपच्या दृष्टीने हा मुद्दा फार मोलाचा आहे. मॅपला आपण दुसरं काय सांगतो? पत्ताच सांगतो. 'घरी चल', 'अमुक डॉक्टरांचा दवाखाना', 'तमुक वकिलांचं ऑफिस'. म्हणजे फाइलवरून नाव पुसलं तरी माणूस ओळखता येईल अशी माहिती आवाजाच्या आतच असते.

ही गोष्ट एकट्या गूगलची नव्हती. त्याच महिन्यात अ‍ॅपलच्या 'सिरी'चे आवाजही कंत्राटी कर्मचारी ऐकत असल्याचं ब्रिटनच्या 'द गार्डियन'ने समोर आणलं. दोन्ही कंपन्यांना हे काम काही काळ थांबवावं लागलं. अ‍ॅपलने सिरीबद्दलच्या अमेरिकेतल्या एका खटल्यात साडेनऊ कोटी डॉलर देऊन तडजोड करायचं ठरवलं, ते जानेवारी २०२५ मध्ये समोर आलं. या तडजोडीत अ‍ॅपलने चूक मान्य केली नाही. गूगलने २०२० मध्ये लोकांना नव्याने विचारलं आणि जे 'हो' म्हणतील त्यांचेच आवाज साठवायचं धोरण घेतलं.

मुलांच्या आवाजाचा प्रश्न आणखी गंभीर आहे. अमेरिकेच्या 'फेडरल ट्रेड कमिशन'ने मे २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर आरोप ठेवला, की 'अलेक्सा'ने मुलांचे आवाज वर्षानुवर्षं ठेवले आणि पालकांनी ते पुसायला सांगूनही पूर्ण पुसले नाहीत. त्यात लोकेशनच्या माहितीचाही मुद्दा होता. अ‍ॅमेझॉनने अडीच कोटी डॉलर भरून हे प्रकरण मिटवलं.

न बोलावता माइक कसा जागा होतो?

माइकचं बटण दाबून बोलणं वेगळं आणि 'हे गूगल' किंवा 'सिरी' अशी हाक मारून बोलणं वेगळं.

हाक ऐकण्यासाठी फोनला कान उघडे ठेवावेच लागतात. फोनमधली छोटी यंत्रणा काही क्षणांचा आवाज सतत तपासत असते आणि हाक ओळखली नाही तर तो टाकून देते. हे काम फोनमध्येच होतं. हाक ओळखल्यावर खरं रेकॉर्डिंग सुरू होतं.

अडचण येते ती चुकीच्या ओळखीची. गाडीत गाणी चालू आहेत, खिडकी उघडी आहे, इंजिनाचा आवाज आहे, चौघं एकदम बोलत आहेत. अशा वेळी हाकेसारखा एखादा आवाज आला तर फोन जागा होतो आणि पुढची काही सेकंदं रेकॉर्ड करतो. बेल्जियममधल्या त्या १५३ फिती अशाच तयार झाल्या होत्या.

मग फोन सगळं ऐकून जाहिराती दाखवतो का?

'आम्ही गाडीत ठिबकच्या नळ्यांबद्दल बोललो आणि लगेच फेसबुकवर ठिबकची जाहिरात आली,' हा अनुभव बारामतीत काय, कुठेही ऐकायला मिळतो.

अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. एखादं अ‍ॅप गुपचूप माइक चालू करून आवाज बाहेर पाठवतंय, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र काही अ‍ॅप फोनच्या स्क्रीनचं चित्रण करून ते तिसऱ्याच कंपनीला पाठवत असल्याचं त्यांना आढळलं. शोधत होते एक आणि सापडलं दुसरंच.

जाहिरात येण्यामागे बहुतेकदा वेगळी कारणं असतात. तुम्ही आधी केलेला सर्च, तुमचं वय, तुमचा भाग आणि तुम्ही कुठे कुठे गेलात. ठिबकच्या दुकानासमोर अर्धा तास थांबलेला फोन पुरेसं सांगून जातो. त्यासाठी तुमचं बोलणं ऐकायची गरज पडत नाही.

आवाजाला लोकेशन जोडलं, की काय होतं?

फक्त आवाजाची फाइल असेल तर तिचा अर्थ मर्यादित असतो. फक्त लोकेशन असेल तर तो नकाशावरचा एक ठिपका असतो. पण 'सोनोग्राफी सेंटर' हा आवाज, सकाळची वेळ आणि भिगवण रोडवरचा ठिपका हे तिन्ही एकाच खात्यात जमा झाले, की एका घरातली अतिशय खासगी गोष्ट तयार होते. तीच गोष्ट न्यायालय, पोलीस ठाणं, व्यसनमुक्ती केंद्र किंवा सावकाराच्या पेढीची.

लोकेशनच्या नोंदींवरून मोठे खटले झालेले आहेत. 'लोकेशन हिस्ट्री' बंद केल्यावरही गूगलच्या काही सेवा लोकेशन साठवत असल्याचं असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये दाखवून दिलं होतं. त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. पुढे मॅप्सची 'टाइमलाइन' सर्व्हरऐवजी वापरणाऱ्याच्या फोनमध्येच ठेवण्याचा बदल कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहायला हवी, ती म्हणजे खातं कुणाचं आहे. गाडीतल्या फोनवर अनेकदा मालकाचं जीमेल असतं आणि गाडी चालक चालवतो. घरातल्या दोन-तीन फोनवर मुलाचंच खातं असतं. नवा फोन घेताना दुकानदारानेच जीमेल उघडून दिलेलं असतं आणि पासवर्डही त्यालाच माहीत असतो. अशा वेळी आवाज आणि सर्चच्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर जातात, त्याशिवाय ते खातं ज्याच्या हातात आहे त्यालाही त्या दिसतात. प्रायव्हसीचा प्रश्न अमेरिकेतल्या कंपनीपुरता नाही. तो कधीकधी शेजारच्या खोलीतला असतो.

कंपन्यांना आपला आवाज हवाय तरी कशाला?

याचं उत्तर बारामती-इंदापूरच्या नकाशातच आहे.

बारामती तालुक्यात माळेगाव आहे, तिथला सहकारी साखर कारखाना सगळ्यांना माहीत आहे. नांदेड जिल्ह्यात खंडोबाच्या यात्रेचं माळेगाव आहे. नाशिक जिल्ह्यात मालेगाव आहे आणि वाशीम जिल्ह्यातही मालेगाव आहे. मराठी माणसाला 'ळ' आणि 'ल' यांतला फरक कानाला लगेच कळतो. पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये ही गावं एकच होतात. ज्या यंत्राने मराठी आवाज पुरेसा ऐकलेला नाही, त्यालाही हा फरक कळत नाही.

इंदापूरचंही तेच. एक इंदापूर पुणे-सोलापूर महामार्गावर, दुसरं रायगड जिल्ह्यात मुंबई-गोवा महामार्गावर. वालचंदनगरजवळ तर चक्क 'जंक्शन' नावाचं गाव आहे. 'जंक्शनला जायचंय' म्हटल्यावर माणूस बरोबर गावात नेईल, पण यंत्र रेल्वे स्टेशन शोधू लागलं तर नवल नाही. सणसर, अंथुर्णे, लासुर्णे, काटेवाडी ही नावं इथले लोक ज्या हेलात उच्चारतात, तो हेल पुण्यातल्या स्टुडिओत बसून मिळत नाही.

म्हणून खऱ्या माणसांचे, खऱ्या रस्त्यावरचे, मागे हॉर्न आणि वाऱ्याचा आवाज असलेले नमुने मोलाचे ठरतात. यंत्राला अशा नमुन्यांवर शिकवलं, की ते पुढच्या वेळी कमी चुकतं. 'आवाज साठवू द्या, आमची सेवा सुधारेल' असं कंपन्या म्हणतात, त्यात तथ्य आहे. प्रश्न आहे तो विचारून घेण्याचा आणि मोबदल्याचा.

कारण विचारून घेण्याचेही मार्ग आहेत. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सहभाग घेतलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गावातले आणि शहरातले कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचा मराठी आवाज गोळा केला होता. कष्टकरी लोकांनी दिलेल्या आवाजाचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीचा असल्याचं त्यात आढळलं. या कामातून लोकांना जोडउत्पन्न मिळू शकतं, हाही अभ्यासाचा एक हेतू होता. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' प्रकल्पात कुणीही स्वेच्छेने मराठी वाक्यं वाचून आवाज देऊ शकतं. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' उपक्रमातही 'भाषादान' नावाने अशी सोय आहे. इथे आवाज देणाऱ्याला आपण काय देतोय हे माहीत असतं. मॅपच्या माइकसमोर ते बहुतेकांना माहीत नसतं.

बारामतीकरांना डेटाची किंमत नवी नाही. इथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या एआय ऊसशेतीच्या प्रयोगाचं कौतुक मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी २०२५ च्या सुरुवातीला केलं होतं. जमिनीतला ओलावा, हवामान, उपग्रहाची चित्रं यांवरून उसाला पाणी-खत कधी द्यायचं ते शेतकऱ्याला कळतं. शेताच्या डेटाला इतकं मोल असेल, तर आपल्या आवाजाच्या डेटालाही ते असणारच.

आता मॅपशी गप्पा मारता येणार

आतापर्यंत मॅपला आपण दोन शब्द सांगत होतो. हे चित्र बदलतंय. गूगलने नोव्हेंबर २०२५ मध्ये मॅप्समध्ये 'जेमिनी' हा एआय मदतनीस भारतातही आणत असल्याचं जाहीर केलं. आता गाडी चालवताना 'वाटेत चांगलं जेवण कुठे मिळेल, पार्किंग आहे का' असं सलग बोलता येतं.

बोलणं वाढलं, की त्यातून बाहेर जाणारी माहितीही वाढते. जेमिनी अ‍ॅपच्या प्रायव्हसी सूचनेत कंपनी स्वतःच सांगते, की काही संभाषणं माणसं तपासतात, तपासलेली संभाषणं तीन वर्षांपर्यंत ठेवली जाऊ शकतात आणि तुम्ही तुमच्या नोंदी पुसल्या तरी ती पुसली जात नाहीत. गोपनीय माहिती टाकू नका, असंही त्यातच लिहिलेलं आहे. एआय मदतनिसाशी बोलताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

गूगलच्याच 'वेझ' या नेव्हिगेशन अ‍ॅपमध्ये तर 'उजवीकडे वळा', 'डावीकडे वळा' या सूचना स्वतःच्या किंवा घरच्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवता येतात. नातवंडाच्या आवाजात रस्ता ऐकायला कुणाला आवडणार नाही? पण हा आवाज लिंक पाठवून इतरांनाही देता येतो. म्हणजे तो आपल्या फोनपुरता राहत नाही. थोड्याशा स्वच्छ आवाजावरून हुबेहूब नकली आवाज तयार करता येण्याच्या या काळात अशी लिंक कुणाला द्यायची, याचा दोनदा विचार करायला हवा.

टॅक्सी अ‍ॅपमधली ऑडिओ रेकॉर्डिंगची सोय मात्र वेगळी आहे. उबरमध्ये प्रवासी सुरक्षेसाठी प्रवासाचा आवाज रेकॉर्ड करू शकतो. कंपनीच्या म्हणण्यानुसार ती फाइल कुलूपबंद स्वरूपात फोनमध्येच राहते आणि प्रवाशाने तक्रारीसोबत पाठवल्याशिवाय कंपनीलाही ऐकता येत नाही. आवाज गोळा करताना काळजी घेता येते, हे यावरून दिसतं.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी प्रायव्हसी हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. त्याआधी, २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत 'बायोमेट्रिक' माहितीच्या व्याख्येत बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांबरोबर आवाजाच्या ठेवणीचाही उल्लेख आहे. ओळख पटवण्यासाठी आवाज वापरला, तर तो ठशाइतकाच नाजूक मानला गेला आहे.

'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा' ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत.

या कायद्यातल्या चार गोष्टी मॅप वापरणाऱ्याच्या कामाच्या आहेत.

१. कोणता डेटा, कशासाठी घेतोय हे कंपनीने आधी सांगायला हवं. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचता यायला हवी. त्यात मराठी आहे.

२. संमती कामापुरतीच धरली जाईल. कायद्यातच एक उदाहरण दिलंय. डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या एखाद्या अ‍ॅपने तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली आणि तुम्ही 'हो' म्हटलं, तरी ती यादी उपचारासाठी गरजेची नाही, म्हणून तुमची संमती फक्त उपचारापुरतीच मानली जाईल. हाच तर्क लावला, तर फक्त रस्ता दाखवणाऱ्या अ‍ॅपला सतत माइक कशाला हवा, हा प्रश्न विचारता येतो.

३. दिलेली संमती मागे घेता येईल, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असायला हवं. आपला डेटा पुसून टाकायलाही सांगता येईल.

४. १८ वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची संमती लागेल.

डेटा सुरक्षित ठेवला नाही तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार आधी कंपनीकडे करायची आणि तिथे दाद मिळाली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे जायचं, अशी रचना आहे.

आज, आत्ता काय करता येईल?

मे २०२७ पर्यंत थांबायची गरज नाही. पुढच्या गोष्टी पाच-दहा मिनिटांत होतात. फोनच्या मॉडेलनुसार मेन्यूतली नावं थोडी वेगळी दिसू शकतात.

माइकची परवानगी तपासा. फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, मग मॅपचं अ‍ॅप, मग परवानग्या. माइकसाठी 'प्रत्येक वेळी विचारा' किंवा 'फक्त अ‍ॅप वापरताना' निवडा. बोलून सर्च करतच नसाल तर सरळ 'नाही' करा. अँड्रॉइडवर मॅपमधला व्हॉइस सर्च आणि 'हे गूगल'ची हाक यांमागे बहुतेकदा 'गूगल' हे वेगळं अ‍ॅप काम करतं. म्हणून त्याचीही परवानगी बघा.

हाक बंद करा. 'हे गूगल' किंवा सिरीची हाक वापरत नसाल तर ती सेटिंग बंद ठेवा. बटण दाबून बोलणं चालूच राहतं.

जुने आवाज आहेत का बघा. गूगल खात्यात 'डेटा आणि गोपनीयता', तिथे 'वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी'. आवाज साठवण्याच्या पर्यायावर टिक आहे का ते पाहा. नको असेल तर काढा. 'माझी अ‍ॅक्टिव्हिटी' या पानावर ज्या नोंदीसमोर माइकचं चिन्ह असतं, तिथे तुमचा आवाज साठवलेला असतो. तो ऐकता येतो आणि पुसताही येतो.

नोंदी आपोआप पुसल्या जाऊ द्या. तिथेच तीन, १८ किंवा ३६ महिन्यांनी नोंदी आपोआप पुसण्याचा पर्याय आहे. तीन महिने निवडले तरी मॅपच्या रोजच्या वापराला अडचण येत नाही.

हिरवा ठिपका ओळखा. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या फोनमध्ये माइक किंवा कॅमेरा चालू झाला, की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते. आयफोनवर माइकसाठी नारिंगी ठिपका असतो. तुम्ही बोलत नसताना तो दिसला तर कोणतं अ‍ॅप माइक वापरतंय ते तपासा. अँड्रॉइडच्या 'प्रायव्हसी डॅशबोर्ड'मध्ये शेवटच्या २४ तासांचा हिशोब मिळतो.

निघण्याआधीच ठिकाण टाका. गाडी सुरू करण्यापूर्वी गावाचं नाव टाइप करा, किंवा ज्यांच्याकडे जायचंय त्यांच्याकडून लोकेशन मागवून घ्या. त्या भागाचा नकाशा आधी डाउनलोड करून ठेवला, तर नेटवर्क गेलं तरी वळणं ऐकू येत राहतात.

खातं स्वतःचं ठेवा. दुकानदाराने उघडून दिलेल्या जीमेलचा पासवर्ड आजच बदला. जुना फोन विकताना आधी खातं काढून मग फोन पूर्ण रिसेट करा. गाडीतल्या फोनवर चालक आणि मालक दोघं बोलत असतील, तर त्या फोनसाठी वेगळं खातं ठेवणं दोघांच्याही सोयीचं.

आणि ओळखीच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला तर आधी तो कापून त्या माणसाच्या नेहमीच्या नंबरवर लावा. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची शक्यता कमी.

थोडक्यात

मॅप वापरणं धोक्याचं नाही. मॅप चोवीस तास आपलं बोलणं ऐकतोय, यालाही पुरावा नाही. पण मॅपशी बोललेलं तिथेच विरून जातं, हाही गैरसमज आहे. ते कुठे साठतं, किती दिवस राहतं आणि कुणाला ऐकता येतं, हे ठरवणारं बटण फोनमध्ये आहे. बहुतेकांनी ते अजून उघडून पाहिलेलं नाही.

पूर्वी इंदापूरच्या रस्त्यावर वाट चुकली, की टपरीवर गाडी थांबवून विचारायचे. सांगणारा वाट सांगायचा, फार तर 'कुणाकडं चाललाय?' असं विचारायचा. त्याचं उत्तर द्यायचं की नाही, ते आपल्या हातात असायचं. मॅपच्या बाबतीतही ते आपल्याच हातात आहे. फक्त मॅप तो प्रश्न मोठ्याने विचारत नाही, म्हणून उत्तर आपण सेटिंगमध्ये जाऊन द्यायचं.